दहा नंबरचा फरक

आमची इलेक्ट्रिक गाडी २०२२ ची. २०२४ च्या मे महिन्यात, ३१,००० किलोमीटरला, पुढचे दोन्ही टायर गोटा झाले. मागचे मात्र चांगले होते. आम्ही मुकुटबनला राहतो. इथे सिमेंटचा कारखाना, कोळशाचे हायवा ट्रक, रस्त्यावर सांडलेली गिट्टी. मी आधी सगळा दोष रस्त्याला दिला. पण या गाडीत पाय दाबला की सगळी ताकद त्याच क्षणी चाकावर येते, आणि ओढणारी चाकं पुढचीच. इथे एक सिग्नल नाही, तुम्हाला स्पोर्ट मोड कशाला लागतो, असं बायको आधीपासून म्हणत होती.

मी रोज वणीला जातो. तिथल्या एका टायरच्या दुकानात गेलो. टायरचा साइज २१५/६० आर १६. दुकानदाराकडे तो नव्हता, दोन दिवसांत नागपूरहून येणार होता. "२०५ टाकून देतो ना जी, दहा नंबरनं काई होत नाई," म्हणाला. रिम तीच, भावही कमी. मला दोन दिवस बसनं जायचा कंटाळा आला होता. हो म्हटलं.

दुकानातल्या पोरानं जॅक थेट गाडीच्या पोटाखाली सरकवला. तिथे बॅटरी असते. मी ओरडलोच. जॅकच्या जागा कडेला, चाकांजवळ ठरलेल्या असतात. त्या मला माहीत होत्या म्हणून वाचलो. तेवढ्या गडबडीत बाकी काही बघायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून घूं घूं आवाज. इंजिन नसल्यामुळे टायरचा आवाज थेट कानात. रेंज २४० ची २२० वर आली. नवा टायर जाड असतो, थोडी रेंज खातोच, म्हणून आठवडाभर गप्प बसलो. मग लक्षात आलं की वणीच्या जाण्यायेण्यात मीटरवर किलोमीटरभर जास्त भरतंय. रस्ता तोच. २०५ चा टायर उंचीला सव्वा सेंटिमीटर कमी, म्हणून त्याला फेरे जास्त मारावे लागतात. म्हणजे मीटरवरचे २२० सुद्धा खरे नव्हते.

रविवारी अंगणात बसून टायर वाचला. मागच्या जुन्या टायरवर साइजनंतर ९५ लिहिलेलं होतं, नव्यावर ९२. हा वजनाचा आकडा. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९२ म्हणजे ६३०. बॅटरीमुळे ही गाडी पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा दोनेकशे किलोनं जड, आणि मी तिला कमी वजन पेलणारे टायर घातले होते. त्याच टायरवर एका लंबगोल चौकटीत ०८२१. म्हणजे २०२१ चा आठवा आठवडा. तीन वर्षं दुकानात पडलेला माल. हवा ३० भरलेली, दाराजवळच्या स्टिकरवर त्याहून जास्त सांगितलेली. सगळं तिथेच छापलेलं होतं. मी भावाशिवाय काही विचारलं नव्हतं.

दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. त्याचंही बरोबर, वापरलेला टायर तो कोणाला विकणार?

नागपूरला गेलो. मागच्या टायरचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला आणि हेच आकडे, हीच नक्षी, याच वर्षाचा माल हवा म्हणून बसून राहिलो. दोन टायरचे साडेपंधरा हजार. अलाइनमेंट केली तेव्हा कळलं, पुढची चाकं थोडी बाहेर गेली होती. तेही झिजण्याचं एक कारण असणार. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायला सांगितलं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजली तर आकडा फुगलेलाच दिसतो.

पंधरा दिवसांत आवाज गेला. रेंज २३५ पर्यंत आली. पुढे थोडी वाढेल असं दुकानवाला म्हणाला, मला मात्र फार फरक जाणवला नाही.

२०५ चे ते दोन टायर तोच साइज लागणाऱ्या एकाला साडेचार हजारांत दिले. त्यालाही आधी ०८२१ दाखवलं.


स्पोर्ट मोड बंद आहे. बायको शेजारी असली की नक्कीच.