समुद्रातली पीक पाहणी

मालवणला गेलात म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला पाहालच. सवड काढून देवबागलाही जा. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. सकाळी वारा पडलेला असताना होडीतून नजर ठेवा. राखाडी पाठी पाण्यावर येतात, फुस्स करून श्वास सोडतात आणि बुडतात. हे डॉल्फिन. हा मासा नव्हे. आपल्या गाईम्हशींसारखा पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. बाहेर खोल पाण्यात देवमासेही असतात. 2015 साली कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा दिसल्याची नोंद आहे.

पण अथांग पाण्यात हे मोजायचे कसे? गावातला पीक कापणी प्रयोग आठवा. सगळे शिवार कोणी कापत नाही. ठरल्या रीतीने प्लॉट आखतात, तेवढाच कापतात आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढतात. इथेही नकाशावर रेघा आखतात. जहाज त्या रेघेवरून एका वेगाने चालते. उंच जागी दोन्ही बाजूंना निरीक्षक दुर्बीण घेऊन बसतात. प्राणी दिसला की जात, संख्या, कोन आणि अंतर लिहितात. लांबचे किती नजरेतून सुटले, याचा अंदाज त्या अंतरांवरून बांधतात. लाटा उसळल्या की मोजणी थांबते. डॉल्फिन हमखास दिसतात तिथेच जहाज नेले, तर एक टपोरे कणीस पाहून सारे शेत जोखल्यासारखे होईल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2003 ते 2007 या काळात ‘सागर संपदा’ जहाजाच्या सफरींत अशा प्राण्यांच्या नोंदी घेतल्या.

या मोजणीचा कोळ्याच्या चुलीशी संबंध आहे. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येता न आल्याने गुदमरतो, जाळेही फाटते. अमेरिकेचा 1972 चा कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम मासळी पाठवणाऱ्या देशांकडे अशा मृत्यूंचा हिशेब मागतात. निर्यातीच्या द्राक्षांना औषधाच्या अंशाचा दाखला लागतो, तसेच हे. आणि मुळात प्राणी किती, हे कळल्याशिवाय किती मेले तर धोका, हे ठरत नाही.

महाराष्ट्र शासनाने 2018 साली योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागले, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. कोकणात सोयरे असतील तर त्यांना सांगा: आधी जीव सोडवा, फोटो काढून ठेवा आणि मत्स्य विभागाला कळवा.