पन्नाशीनंतरची सहल : आधी विचारा, मग ठरवा



शाळेची सहल काढायची म्हटलं की आपण किती तयारी करतो! संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी, गाडी कुठे थांबेल, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, सगळं आधी कागदावर. घरातल्या मोठ्या माणसांना फिरायला नेताना मात्र यातलं आपण काहीच करत नाही. निदान मी तरी केलं नव्हतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत आई-दादांना घेऊन निघालो. आई 56 वर्षांची, दादा 63. तीन दिवसांत तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, कोल्हापूर. यादी माझी, घाईही माझीच. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिलात?" आई गप्प. नंतर हळूच म्हणाली, "गाडी कुठं थांबंल याचा भरवसा नाही. तुला सारखं थांब कसं म्हणायचं? म्हणून सकाळपासून पाणीच घेतलं नाही."

शाळेच्या मुलींसाठी जे आधी बघतो, ते स्वतःच्या आईसाठी बघितलं नाही, हे मला फार लागलं.

पुढच्या वर्षी वही घेऊन बसलो आणि दोघांना विचारलं, "कुठं जायचंय?" वाटलं, काशी-रामेश्वर म्हणतील. आई म्हणाली, "आपल्या प्रवरेचं पाणी येतं कुठून, ते बघायचंय."

आपलं कोल्हार प्रवरेकाठचं, पण नदीचा वरचा भाग आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. भंडारदऱ्याला दोन रात्री मुक्काम केला. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. गड चढायचा हट्ट धरला नाही. पायथ्याच्या रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. 1926 साली पूर्ण झालेलं धरण बघताना दादा म्हणाले, "आपल्या उसाचं पाणी हे इथलं!" नंतर एका रविवारी नेवाशाला ज्ञानेश्वरीचा पैस खांब पाहिला आणि पुढे प्रवरासंगमला गेलो. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. आई घाटावर कितीतरी वेळ बसून राहिली. मी घड्याळ बघितलं नाही.

यातून शिकलेल्या गोष्टी :

1. दिवसाला एकच मुख्य ठिकाण ठेवा. दुपारी विश्रांती हवीच.
2. दर दीड-दोन तासांनी, कुणी न सांगता, गाडी थांबवा.
3. खोली तळमजल्यावरची आणि कमोड असलेली आहे का, हे फोन करून विचारा.
4. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये.
5. पायऱ्या किती, याची चौकशी करा. वणीच्या सप्तशृंगी गडावर आता ट्रॉलीची सोय आहे.
6. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. रेल्वेत 45 वर्षांवरील महिला आणि 60 वर्षांवरील पुरुषांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. तिकीट काढताना वय नीट लिहा.

यंदा चौथीच्या मुलांना सुट्टीत एकच स्वाध्याय दिला : आजी-आजोबांना विचारा, "तुमचं कुठं जायचं राहिलंय?" एका मुलीच्या वहीत उत्तर होतं, "आजीला तिच्या माहेरी जायचंय. बारा वर्षं झाली."

माहेर होतं शेजारच्याच तालुक्यात.

तुम्हीही आज घरी विचारून बघा.