साक्ष देताना अडखळणारी जीभ

पुण्यात शिकायला आलेला नगरकडचा ख्रिस्ती मुलगा रविवारी सकाळी मित्रांबरोबर सिंहगडावर जात नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "जरा काम आहे." चर्चला जायचंय, एवढं साधं वाक्य त्याच्या ओठांवर येत नाही.

त्याची श्रद्धा कच्ची नसते. झोपण्यापूर्वीची प्रार्थना तो चुकवत नाही. पण २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरती भरत नाहीत. मित्रांच्या घोळक्यात तो बहुधा एकटाच असतो. येशूचं नाव काढलं, की 'हा आपल्याला बाटवायला बघतोय' असं कुणाला वाटेल आणि जिवाभावाची मैत्री तुटेल, ही त्याची धास्ती. ती खोटी म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल. येशूचा शिष्य पेत्र, त्यालासुद्धा महायाजकाच्या वाड्यात एका दासीसमोर येशूची ओळख सांगवली नाही. त्याने तीनदा नाकारलं, आणि चारही शुभवर्तमानांनी ते लपवलेलं नाही.

मराठीत या संकोचाचं सर्वांत बोलकं उदाहरण हिंदू घरात जन्मलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचं. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, तरी मनातलं उघड बोलायला त्यांना वेळ लागला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो आघात 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात विलक्षण मोकळेपणाने सांगितला आहे. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपलं सोवळं-ओवळं घेऊनच. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, स्वतःच्या मनाने.

संकोच सुटायची वाट इथेच दिसते. समोरच्याला आपल्याकडे ओढायचं आहे, हे ओझं उतरलं की जीभ मोकळी होते. साक्ष देणाऱ्याने, म्हणजे आपली श्रद्धा बोलून दाखवणाऱ्याने, आपल्या बाबतीत काय घडलं तेवढं सांगावं. ऐकणाऱ्याने त्याचं काय करायचं, ते त्याच्यावर सोडावं. टिळकांनी तर त्यासाठी अभंग आणि कीर्तन ही शेजाऱ्यांच्या ओळखीचीच रूपं घेतली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्या घरात ख्रिस्तभक्ती उघड होती, कवितेचा ध्यास दोघांचा सारखा होता, आणि बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांची माया त्यामुळे उणावली नाही.

आजही नाताळात मित्र करंज्या-चकल्या खायला घरी येतात, आणि त्यांतला एखादा सहज विचारतो, "तुम्ही चर्चमध्ये नेमकं करता काय रे?" तेव्हा ख्रिश्चन धर्माचा इतिहास सांगायची गरज नसते. वडील दवाखान्यात होते त्या रात्री कोणती प्रार्थना केली आणि तिने कसा धीर दिला, हे सांगितलं तरी पुरतं. मित्र पुढचा प्रश्न विचारेल, नाहीतर आणखी एक करंजी मागेल.