शिकलगाराची बाजू

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा खेळ १९९९ साली आला. आमच्या विश्रामबागेत तो तीन-चार वर्षांनी पोहोचला, तोही स्केचपेनने नाव लिहिलेल्या सीडीवरून. विलिंग्डन आणि वालचंद, दोन्ही कॉलेजं जवळ, त्यामुळे सायबर कॅफेंना तोटा नव्हता. तासाला वीस रुपये. ओळीत सहा मशीन, मधे प्लायवूडचे आडोसे आणि त्या आडोशांवरून एकमेकांना दिलेल्या शिव्या.

ज्यांनी तो खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला तुमच्याकडे गावाचं एक ठाणं, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या असतो. भोवती सगळा नकाशा काळा. लाकूड, अन्न, सोनं आणि दगड गोळा करत अंधारयुगातून साम्राज्ययुगापर्यंत जायचं आणि वाटेत शेजाऱ्याला बुडवायचं. मूळ खेळात १३ संस्कृती होत्या: ब्रिटन, फ्रँक, मंगोल, जपानी, तुर्क, पर्शियन वगैरे. भारत नव्हता. अरबांच्या नावाने ‘सॅरासेन’ होते.

पहिल्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही. “हा सॅरासेन घेणार,” म्हणत एका मित्राने माझ्या मशीनवर क्लिक करून टाकलं. थट्टा होती, मनात खोट नव्हती. मला खरं तर ब्रिटन हवे होते, कारण त्यांच्या तिरंदाजांचा पल्ला लांब. पुढे मी बहुतेक वेळा ब्रिटनच खेळलो. पण सॅरासेनांचं वैशिष्ट्य तरी काय? बाजारात त्यांना दलाली कमी पडते आणि उंटावरून तलवार फेकून मारणारे ममलुक त्यांच्याकडे असतात. कमी दलालीचं ऐकून आमच्यातला एक बागवान मित्र फार खूश झाला होता. ज्या घुमटवाल्या, मशिदीसारख्या दिसणाऱ्या इमारतीतून आपले धर्मगुरू बाहेर पडत, त्यांच्या अंगावर मात्र युरोपातल्या साधूची टोपीवाली कफनी. सगळ्या संस्कृतींना एकच साधू! यावर आम्ही खूप हसलोय.

हा साधू हातवारे करत मंत्र म्हणतो आणि समोरचा शिपाई काही क्षणांत रंग बदलून आपला होतो. घोडा तोच, भाला तोच, फक्त निळ्याचा लाल झाला. आपल्याकडे नेताजी पालकरांचं काय झालं? १६६७ मध्ये औरंगजेबाने त्यांना मुसलमान करून मुहम्मद कुलीखान केलं, १६७६ मध्ये ते परत स्वराज्यात आले आणि पुन्हा हिंदू झाले. मधल्या नऊ वर्षांत त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हे खेळाच्या आवाक्याबाहेरचं आहे. खरं तर आपल्या पाठ्यपुस्तकांच्याही.

खेळात सलाउद्दीनची स्वतंत्र मोहीम आहे, सहा लढायांची. ती सांगणारा निवेदक आहे त्याच्या माणसांनी पकडलेला एक युरोपियन सरदार. रानटी लोक भेटतील म्हणून आलेला हा माणूस हळूहळू बदलत जातो. मला ती मोहीम आवडायची, कारण पडद्यावर मुसलमान राजा सभ्य दिसण्याचे प्रसंग तेव्हा थोडे होते. नंतर वाचलं तेव्हा चित्र जास्त माणसाळलं. ११८७ मध्ये जेरुसलेम घेताना त्याने कत्तल केली नाही, पुरुषाला १० आणि बाईला ५ दिनार अशी खंडणी घेऊन लोकांना सोडलं. पण त्याआधी हत्तीनच्या लढाईनंतर हाती लागलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर सरदारांची मुंडकी त्यानेच उडवायला लावली. तेही सांगायला हवं.

सप्टेंबर २००९. गणेशोत्सवात मिरजेत एका स्वागतकमानीवर अफजलखानाच्या वधाचं चित्र लागलं, त्यावरून दंगल पेटली, कर्फ्यू लागला. प्रतापगडानंतर काही महिन्यांतच, १६६० च्या सुरुवातीला, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या मिरजेच्या किल्ल्याला वेढा घातला होता, म्हणजे तो इतिहास आमच्या अगदी अंगणातला. त्या इतिहासात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. पण कमानीवर एवढी माणसं मावत नाहीत. आणि रस्त्यावर सॅरासेन की ब्रिटन असं निवडायची सोय नसते. आडनाव बघून बाजू ठरते.

खेळात ‘मार्को’ आणि ‘पोलो’ असे दोन शब्द टाइप केले की नकाशावरचा काळोख जातो आणि कोण कुठे आहे ते सगळं दिसतं. त्या दिवसांत आमच्याकडे नुसत्या अफवा होत्या. अमुक चौकात जमाव आहे, तमुक गल्लीत दुकान पेटलं. सॅरासेनवर क्लिक करणाऱ्या त्याच मित्राचा फोन आला. “दूध आहे का घरात?” मग थोडा वेळ दोघंही गप्प. शेवटी मीच म्हणालो, “मार्को पोलो टाक की लेका.” तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

आमचं आडनाव शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. बागवान, तांबोळी, अत्तार, शिकलगार, पिंजारी: सांगली-साताऱ्याकडच्या मुसलमानांची आडनावंच सांगतात की आपण सुलतानांच्या दरबारातले नव्हे, त्या खेळातले गावकरी. ५० अन्नात एक तयार होणारे. धार लावणाऱ्याने तलवार कुणाची हे विचारून चूल कशी पेटायची? पण खेळताना गावकरी व्हायला कुणालाच आवडत नाही, सगळे राजे होतात. आजही समाजमाध्यमांवर कुणी औरंगजेबासाठी भांडतं, कुणी त्याच्याविरुद्ध, आणि दोघांचेही पणजोबा कुठल्याशा पाटलाच्या शेतात राबत असतात.

कर्फ्यूत घरीच होतो. कॉम्प्युटर सुरू केला तर दादा, म्हणजे अब्बांचे वडील, शेजारी खुर्ची ओढून बसले. तासगावकडच्या गावांतून सुगीत विळे-खुरप्यांना धार लावत फिरलेला माणूस.

“ह्यात आपलं कोण?” त्यांनी विचारलं.

मी लोहाराची इमारत दाखवली. तिथे हत्यारं सुधारली की शिपायांचा मार वाढतो.

“मजुरी काय देतोय राजा?”

“पहिल्या सुधारणेला दीडशे अन्न.”

“धान्यातच देतोय व्हय?” त्यांनी चष्मा वर सरकवला. “बराबर हाय. आमाला बी जोंधळंच मिळायचं. पर येवढं नाय.”