शेकडा तेहतीस

टक्केवारी माझ्या आयुष्यात आली ती दुधातून. कसबा बावड्यात आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. सकाळी किटली घेऊन मी दूध संस्थेत जायची आणि परतले की आई आतूनच विचारायची, "किती लागली गं फॅट?" सहा पॉइंट पाच म्हटलं की तिचा आवाज बदलायचा. सहाच्या खाली घसरली की ती पेंडीच्या पोत्यात हात घालून बघायची. शंभर भाग दुधात साडेसहा भाग स्निग्धांश, असं मला कुणी समजावलं नव्हतं. पण फॅट एका पॉइंटने उतरली की दहा दिवसांच्या बिलात किती खोट येते, हे मी तोंडी सांगत असे.

शाळेत तीच टक्केवारी 'शेकडेवारी' होऊन आली आणि परकी झाली. सरळव्याजाच्या गणितात 'द.सा.द.शे. 8' असं लिहिलेलं असायचं. घरी आई बचत गटाची सचिव. गटातलं कर्ज शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला शंभरामागे दोन रुपये, वर्षाला चोवीस. शाळेतला दर सालाचा, आईच्या वहीतला महिन्याचा. या दोन्ही दरांच्या मध्ये फक्त बारा महिने उभे आहेत, एवढं एक वाक्य वर्गात कधी बोललं गेलं नाही. मुद्दल, दर, मुदत, भागिले शंभर. सूत्र पाठ करा, पायऱ्या लिहा. दहावीनंतर मी कला शाखा घेतली. इतिहास आवडत होता हे खरं, आणि गणित सुटणार होतं हेही तितकंच खरं.

ते सुटलं नाही. राज्यसेवेचा अभ्यास सुरू केला तेव्हा पूर्व परीक्षेत सीसॅट, म्हणजे उतारे आणि गणिताचा पेपर, येऊन बसली होती. केंद्राने ती 2011 साली आणली, महाराष्ट्राने 2013 साली. दोन तास, 80 प्रश्न, 200 गुण. आणि आमच्या वेळी हे गुण मेरिटला धरले जात. सामान्य अध्ययनाचे 200, सीसॅटचे 200. अभ्यासिकेत शेजारी बसलेली इंजिनिअरिंगची मुलं जे प्रश्न चहाच्या आधी उरकत, त्यांच्यापुढे मी दुपार घालवायची. 2014 मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात मुलं रस्त्यावर उतरली, ती याच कारणासाठी. पुढच्या वर्षी केंद्राने हा पेपर फक्त पात्रतेपुरता ठेवला, 33 टक्के. आपल्या आयोगाने तसं जाहीर करायला 2022 उजाडलं. मधल्या वर्षांत कला शाखेची, खेड्यापाड्यातली किती मुलं या एका पेपरमुळे मागे राहिली असतील, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही. तो अन्याय होता, आणि तो वेळेत दुरुस्त झाला नाही.

पण गणिताशी माझं जुळलं तेही त्याच पेपरमुळे. जुन्या प्रश्नांच्या पुस्तकात एक गणित होतं: 40 लिटर मिश्रणात दूध आणि पाणी 7:3 आहे, प्रमाण 4:1 करायचं तर किती दूध घालावं लागेल? पुस्तकातलं उत्तर 'क्ष' धरून सुरू होत होतं. मी पुस्तक मिटलं आणि किटलीचा विचार केला. पाणी 12 लिटर. आपण दूध ओतणार आहोत, म्हणजे पाणी तेवढंच राहणार. चारास एक हवं, तर 12 लिटर पाण्याला 48 लिटर दूध लागेल. आत्ता आहे 28. म्हणजे आणखी 20. क्ष कुठेच लागला नाही. त्यानंतर प्रत्येक गणितात मी आधी न बदलणारी गोष्ट शोधू लागले. वयाच्या गणितात दोघांच्या वयातलं अंतर बदलत नाही. वेगाच्या गणितात रस्ता तेवढाच राहतो. नफा-तोट्यात खरेदीची किंमत जागेवर असते.

पुढे मला दुसऱ्या परीक्षेतून सहकार खात्यात नोकरी लागली. व्याजाचे तक्ते तपासणं हे रोजचं काम झालं. रविवारी मात्र मी बावड्यातल्या अभ्यासिकेत जाते, कारण तिथे आजही मुली येतात आणि पहिलं वाक्य तेच बोलतात, "मॅडम, माझं मॅथ्स कच्चं आहे."

त्यांना मी आधी पेपरचाच हिशेब मांडायला लावते. 200 चे 33 टक्के 66. एका प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे 27 बरोबर उत्तरांना साडेसदुसष्ट. केंद्राच्या परीक्षेत तीन चुका झाल्या की एक बरोबर उत्तर वाहून जातं. म्हणजे 80 पैकी कुठल्या प्रश्नांना हात लावायचा नाही, हे ठरवणं हीसुद्धा तयारीच. राज्यसेवेत निम्म्याहून जास्त भार उताऱ्यांवर असतो आणि ते मराठीत वाचता येतात. रोज अग्रलेख नीट वाचणारी मुलगी तिथे तगून जाते. केंद्राचं तसं नाही. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, पण पूर्वचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच छापतात. गणित सोडून फक्त उताऱ्यांवर विसंबलेली मराठी मुलगी तिथे दोन्हीकडून अडते. 2023 च्या पेपरने भल्याभल्यांना घाम फोडला, तेव्हा हे फार जवळून पाहिलं. म्हणून थोडं गणित यायलाच हवं असं मी ठामपणे सांगते: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग. एवढं पक्कं झालं की पुष्कळ झालं.

या मुलींपैकी बऱ्याच जणींच्या घरी ऊस आहे. बावड्याला कारखाना आहे, हंगामात रस्ताभर ट्रॉल्या असतात. एकदा मी फळ्यावर एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा ठरलेला किमान दर, लिहिली. 2025-26 च्या हंगामाला सव्वादहा टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला 3550 रुपये, पुढच्या प्रत्येक पॉइंट एकला 34 रुपये 60 पैसे. रिकव्हरी सव्वाबारा लागली तर? "वीस वेळा 34.60, म्हणजे 692," मागच्या बाकावरून उत्तर आलं, "4242 झाले मॅडम. पण त्यातनं तोडणी-वाहतूक जाते." हीच मुलगी सकाळी शेकडेवारीचं प्रकरण उघडायला तयार नव्हती.

पुढच्या रविवारी काळ-काम घ्यायचं आहे. मजूर आणि भिंतीचं गणित मी वगळणार आहे. ऊसतोडीच्या टोळ्या घेईन: एक टोळी फड सहा दिवसांत तोडते, दुसरी बारा दिवसांत. दोन्ही एकत्र उतरल्या तर कारखान्याला ट्रॉल्या किती दिवस पाठवायला लागतील, इथून सुरुवात.