बर्फाची तारीख

आपल्याकडे सहल कधी काढायची हे शाळा ठरवते. मे महिना, नाहीतर दिवाळी. मुलं शिकून नोकरीला लागली तरी घराची ही सवय सुटत नाही. स्कीइंगचा बेत निघाला की पहिली ठेच इथेच लागते. दिवाळीत गुलमर्गला बर्फाचा भरवसा नसतो आणि मे महिन्यात तिथल्या उतारांवर गवत आलेलं असतं. बर्फाचा खरा हंगाम येतो तो आपल्याकडे दहावी-बारावीच्या घरांतले टीव्ही बंद झालेले असतात तेव्हा.

काश्मीरचं थंडीचं पंचांगच निराळं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. थोरली, धाकटी आणि शेंडेफळ. आम्ही थोरलीच्या शेवटावर बोट ठेवलं. जानेवारीची अखेर.

‘‘पडायला एवढ्या लांब कशाला जायचं?’’ आत्याने विचारलं. ‘‘पावसाळ्यात आपल्या गच्चीवर शेवाळं असतंच की!’’

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. नवशिक्याचा सुरुवातीचा वेळ पडण्यात आणि त्याहून जास्त उठण्यात जातो. म्हणून शिकवणारे आधी थांबायला शिकवतात: दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब. या त्रिकोणाला जगभर ‘पिझ्झा’ म्हणतात. तो जमेपर्यंत गोल्फच्या मैदानालगतचे सौम्य उतारच आपले. घरातल्या तरुण मंडळींचा डोळा मात्र गोंडोलावर, म्हणजे तिथल्या केबल कारवर असतो. गुलमर्ग मुळातच सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या हजार मीटर वर. तिथून पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत. वर जाऊन फोटो काढावेत, गोंडोलातूनच खाली यावं. तिथले उतार मुरलेल्या लोकांचे, आणि हिमस्खलनाचा धोका त्यांनाही चुकत नाही.

बूट आणि स्की भाड्याने मिळतात. बूट कडक प्लास्टिकचा. नडगीला घट्ट आवळलेला, घोट्यात वाकू न देणारा. त्याची टाच स्कीवर दाबली की खटकन बसते. हे जोडणारं बाइंडिंग पडताना आपोआप सुटायला हवं, म्हणून दुकानदार वजन, उंची आणि सराव विचारतो आणि त्या हिशेबाने स्क्रू पिळतो. वजन चारचौघांत कमी सांगितलं तर स्की भलत्या वेळी निसटते. सराव फुगवून सांगितला तर ती पडतानाही सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. बढाईचा इतका रोखठोक हिशेब दुसरीकडे क्वचितच होत असेल.

एवढं सगळं जमवलं तरी मुख्य पाहुण्याचं काय? हा बर्फ येतो पश्चिमी झंझावातांबरोबर, थेट भूमध्य समुद्राच्या बाजूने. ते हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की उत्तरेचे गार वारे खाली उतरतात आणि पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते. गुलमर्गला लोक ताज्या बर्फात लोळत असतात, तेव्हा नाशिककडचा शेतकरी द्राक्षघडांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवत असतो. आपल्या सहलीचं हवामान दुसऱ्याच्या रात्रपाळीचंही असतं.

आणि कधी तो येतच नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बराच काळ उघडे, तपकिरी पडले होते. लोकांनी बुकिंगं रद्द केली. पण खोऱ्यातली काळजी हॉटेलांपुरती नव्हती. हिवाळ्यातला बर्फ हळूहळू वितळतो, त्यावर झरे आणि ओढे उन्हाळ्यापर्यंत वाहतात, भातखाचरं भिजतात, सफरचंदाच्या बागा तगतात. मशिदींमध्ये बर्फासाठी प्रार्थना झाल्या, त्या स्कीइंगसाठी नव्हत्या. जानेवारी सरता सरता बर्फ आला, तेव्हा अनेकांच्या सुट्ट्या संपलेल्या होत्या.

म्हणून आमच्या बेतात हॉटेलच्या खोलीतून काय दिसतं हा प्रश्न मागे पडला आणि तारीख बदलता येणारं तिकीट पुढे आलं. त्याला चार पैसे जास्त पडतात, पडोत. बर्फ मुळात आपल्यासाठी पडत नाही, खोऱ्यासाठी पडतो, आणि आपण त्यावर चार दिवस घसरून घेतो. ज्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी बर्फ हवाच असेल, त्याने खुशाल दुबई गाठावी. तिथे २००५ पासून मॉलच्या छपराखाली बारमाही स्कीइंग चालतं. त्या बर्फावर कुणाचा झरा अवलंबून नाही, त्यामुळे तारीख हमखास मिळते.