ग्रंथालयाचा शिक्का असलेली पीडीएफ

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ मी गेली काही वर्षं बारकाईनं पाहतो आहे. त्यांत ‘मृत्युंजय’ असतं, पु. ल. देशपांडे असतात, व. पु. काळे असतात, नुकतंच गाजलेलं एखादं अनुवादित पुस्तक असतं. म्हणजे वाशीच्या कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात पहिल्याच टेबलावर जे मांडलेलं असतं, घरबसल्या मागवलं तर दोन-चार दिवसांत दारात येतं, तेच. ज्या पुस्तकासाठी वाचक खरोखर वणवण करतो ते मला या गठ्ठ्यांत जवळजवळ कधीच सापडलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी एकच आवृत्ती निघालेला कथासंग्रह, बंद पडलेल्या प्रकाशनाचं प्रवासवर्णन, आगरी गाण्यांचं एखादं संकलन, यांतलं काहीही नाही. ज्ञानप्रसार म्हणून जे चाललंय ते गरज नसलेल्या ठिकाणी चाललंय, आणि गरज आहे तिकडे कोणी फिरकत नाही. ई-पुस्तकांच्या नीतीबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

पाठवणारी माणसं वाईट नसतात, हे आधीच सांगतो. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गटावर पीडीएफ टाकणारे सर आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलांनी वाचावं म्हणून त्यांनी किती पदरमोड केली ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकावं. पुस्तक दुसऱ्याच्या हाती देणं हे त्यांच्या लेखी पुण्यच आहे, आणि छापील पुस्तकाबाबत ते खरंही आहे. आपल्याकडचा वाचक उसन्या पुस्तकांवरच वाढला. पण उसनं दिलेलं पुस्तक देणाऱ्याच्या कपाटातून जातं, परत येईपर्यंत त्याला स्वतःला वाचता येत नाही, आणि न आल्यास तो चडफडतो. पीडीएफ पाठवणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. दोनशे जणांच्या गटावर ती पडली की क्षणात दोनशे प्रती झाल्या. आज अनेक मराठी पुस्तकांची पहिली आवृत्ती पाचशेची निघते, कवितासंग्रह असेल तर तीनशेचीही. एका सोसायटीच्या गटानं जवळजवळ अर्धी आवृत्ती एका बोटात वाटून टाकलेली असते.

सरांनी पाठवलेली एक कादंबरी मी ठाण्याला जाताना लोकलमध्ये उघडली. कोणीतरी मोबाइलनं एकेक पान टिपलेलं. डाव्या कडेला पान दाबून धरणारा अंगठा, काही पानांवर ट्यूबलाइटची पांढरी तिरीप. सतराव्या पानाच्या तळाशी एका सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि त्यात शाईच्या पेनानं घातलेला दाखल क्रमांक. शासनाच्या अनुदानातून, सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली प्रत होती ती. सुरुवातीची चार पानं मात्र नव्हती. फाइलच्या नावात लेखिकेचं आडनावही अर्धंच होतं. आवृत्ती कितवी, मुखपृष्ठ कोणाचं, अक्षरजुळणी कोणी केली, हक्क कोणाकडे, किंमत किती, हे ज्या पानावर छापलेलं असतं ते टिपणाऱ्याला निरुपयोगी वाटलं असावं. पैसे बुडाले याच्यापेक्षा हे पान गळालं याचं मला जास्त लागलं.

कारण नक्कल करून वाटण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि तिला तिचे कडक नियम होते. ज्ञानेश्वरी शेकडो हातांनी उतरवून घेतली गेली, कोणी कोणाला दाम मोजला नाही. पण नकलांमधून पाठ बिघडू लागले तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवलं. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. अभंग घ्या, गा, दूर न्या. नाव सोबत जाईल. मोबाइलवर तेवढंही उरलेलं नाही. कोणाही होतकरू कवीची कविता कुसुमाग्रजांच्या नावावर फिरते, कोणाचेही परिच्छेद पु. लं.च्या नावावर. खऱ्या लेखकाला आपलीच ओळ दुसऱ्याच्या नावानं परत येते, आणि ती आपली आहे हे सांगायला गेलं तर पुरावा मागितला जातो. फुकट वाटण्यापेक्षा हा अन्याय मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे नसतील तर नसोत, नाव तरी द्या.

आता पैशांचं. तीनशे रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला साधारण दहा टक्के रॉयल्टी धरली तर तीस रुपये होतात. पाचशेची आवृत्ती शेवटच्या प्रतीपर्यंत खपली तर पंधरा हजार, आणि ती खपायला दोन-तीन वर्षंही लागतात. कादंबरी लिहायलाही तितकीच, कधी जास्त. मराठी लेखक यावर जगत नाही, नोकरी करून लिहितो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून ‘नाहीतरी त्याला कुठे मिळतात’ असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा मला राग येतो. थोडं मिळतं म्हणून ते घेतलं तरी चालतं, हा कुठला न्याय?

पण वाचकाची तक्रारही ऐकली पाहिजे, ती खरी आहे. छापील पुस्तक तीनशेला आणि त्याचं ई-पुस्तक अडीचशेला दिसलं की माणूस बिथरतो. कागद नाही, बांधणी नाही, टेम्पो नाही, गोदाम नाही, मग हे अडीचशे कशाचे? प्रकाशक सांगतात की संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, अनुवादकाचं मानधन हे खर्च तसेच राहतात. ते मान्य. तरीही ई-पुस्तक घेणाऱ्याच्या हाती येतं ते कमीच येतं. ते मैत्रिणीला देता येत नाही, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येत नाही, नातवासाठी ठेवता येत नाही. कायद्याच्या भाषेत तो फक्त वाचण्याचा परवाना असतो. २००९ मध्ये ॲमेझॉननं ऑर्वेलच्या ‘१९८४’ची एक आवृत्ती हक्कांच्या घोळामुळे ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण विकलेलं पुस्तक घरातून उचलून नेता येतं हे सगळ्या जगाला कळलं. जे आपलं होत नाही त्याला आपलंसं करून घेण्याची किंमत लावू नये.

आकडे मांडून पाहू. तीनशेच्या पुस्तकाचं ई-पुस्तक एकशेवीसला ठेवलं आणि लेखकाला त्यातले पंचवीस टक्के दिले, तर त्याच्या हातात तीसच रुपये पडतात. छापील प्रतीइतकेच. वाचकाचे एकशेऐंशी वाचले, आणि उरलेल्या नव्वदांत विकणारं संकेतस्थळ आणि प्रकाशक यांनी आपापला वाटा बसवायचा आहे. छापील पुस्तकावर विक्रेत्या-वितरकांना चाळीस टक्क्यांच्या आसपास सूट द्यावी लागते आणि न खपलेले गठ्ठे परत येतात. इथे परत काहीच येत नाही. हे गणित अशक्य नाही. ग्रंथालीनं १९७४ मध्ये वाचक चळवळ उभी केली तेव्हा वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि पुस्तक त्यांच्या खिशाला परवडेल असं ठेवलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्याच वाटेनं लोकांपर्यंत पोहोचलं. किंमत वाचकाला विश्वासात घेऊन ठरवली की तो आनंदानं मोजतो, हा आपल्याच भाषेतला अनुभव आहे.

करांचीही एक गंमत नसलेली गोष्ट आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २०१८ मध्ये तो पाच टक्के झाला, पण ज्याची छापील आवृत्ती निघालेली आहे अशाच ई-पुस्तकावर. छापील रूप नसलेलं ई-पुस्तक अठरा टक्क्यांतच राहिलं. म्हणजे ज्या नव्या मुलीला प्रकाशक मिळाला नाही, जी स्वतःच आपला कथासंग्रह इंटरनेटवर विकायला ठेवते, तिच्या वाचकावर सगळ्यांत जास्त कर. ई-पुस्तकाला आपण अजून पुस्तक मानलेलंच नाही.

ज्याला एकशेवीसही जड आहेत त्याचं काय? कायद्यानं त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अभ्यासासाठी काढलेल्या झेरॉक्सच्या संचांना शैक्षणिक सवलतीचा आधार दिला. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. दृष्टिहीन वाचकांसाठी ब्रेल किंवा बोलतं पुस्तक तयार करायला २०१२ च्या दुरुस्तीनं मोकळीक दिली, आणि त्याविषयीचा माराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत ठरला, २०१४ मध्ये. गरजेपुरती दारं उघडी आहेत. पण दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत, जिथं पार्किंगचं भाडंही महिन्याला हजारात जातं, तिथं ‘परवडत नाही’ हे कारण मला मनापासून पटत नाही.

खरं उत्तर ग्रंथालयात आहे. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महापालिकेनं ग्रंथालयाबरोबर ई-लायब्ररीही उभी केली आहे; स्पर्धा परीक्षांची मुलं तिथं तासन् तास बसतात. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांना ई-पुस्तकं रीतसर घेऊन सभासदांना पंधरा दिवसांसाठी देता आली तर त्या जांभळ्या शिक्क्याच्या पानावर अंगठा ठेवून फोटो काढायची कोणाला गरज पडणार नाही. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून ग्रंथालयातल्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकार पैसे देतं. ब्रिटननं त्यासाठी १९७९ मध्ये कायदा केला आणि २०१८ पासून ग्रंथालयातून घरबसल्या घेतल्या जाणाऱ्या ई-पुस्तकांनाही तो लावला. वाचकाला फुकट, लेखकाला मोबदला, दोन्ही एका वेळी. आपल्याकडे असं काहीच नाही, आणि साहित्य संमेलनाच्या ठरावांतही मला याचा आग्रह ऐकू येत नाही.

खुशीनं फुकट देणारेही आहेत, त्यांची आठवण ठेवायला हवी. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीनं ई-पुस्तकं विनामूल्य पाठवतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं इंटरनेटवर आणला. ज्या माणसानं कंपनी काढून, गावोगाव फिरून तो खपवला, त्याचं काम आता नेरूळच्या मुलाला फोनवर मिळतं. आपल्या कायद्यात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली. ती कितीही वाटा, एका माणसाचाही पैसा बुडत नाही.

मनाला जास्त बोचतं ते बाबासाहेबांचं. त्यांचं लेखन आणि भाषणं राज्य शासन १९७९ पासून खंडांच्या रूपात, अगदी कमी किमतीत काढत आलं. मागणी प्रचंड, आणि पुस्तकंच मिळत नाहीत अशी अवस्था वरचेवर आली. छपाई रखडल्याची ‘लोकसत्ता’तली बातमी पाहून मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्या काळात ज्यांनी हे खंड स्कॅन करून एकमेकांना पाठवले त्यांना मी चूक म्हणणार नाही. विकणाऱ्यानं पुस्तक दुकानात ठेवलंच नाही, तर न विकत घेतल्याचा दोष वाचकावर कसा येईल? हक्क धरून ठेवायचा आणि पुस्तक उपलब्ध ठेवायचं नाही, या दोन्ही गोष्टी एका वेळी करण्याचा नैतिक अधिकार प्रकाशकाला नाही, मग तो प्रकाशक शासन असो की सदाशिव पेठेतला असो.

मराठीत अशी धरून ठेवलेली, विसरलेली पुस्तकं अगणित आहेत. प्रकाशनसंस्था बंद, लेखक गेलेले, मुलं परदेशी, करार झालाच असेल तर कागद सापडत नाही. १९९४ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरलं जातं, असं आजचा कायदा सांगतो. कित्येक वारसांना आपल्या वडिलांच्या पुस्तकाचे हक्क आपल्याकडेच परत आले असावेत याची कल्पनाही नसते. आणि हक्कदार सापडतच नसेल तर? त्यासाठी कायद्यात कलम ३१ अ आहे. अर्ज करून, ठरवून दिलेली रक्कम भरून, असं पुस्तक पुन्हा काढता येतं. पण अर्जाआधी एक जाहिरात द्यावी लागते, आणि ती देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात. घणसोलीच्या एखाद्या शिक्षकानं पन्नास वर्षांपूर्वी जमवलेली आगरी लग्नगीतं पुन्हा छापायची आहेत; त्याचे वारस उरणला असतील, पनवेलला असतील, आणि त्यांना शोधायची जाहिरात इंग्रजी पेपरात द्यायची. त्या जाहिरातीच्या खर्चात तीनशे प्रतींची आवृत्ती निघेल. ही अट बदलून मूळ पुस्तकाच्या भाषेतल्या दैनिकातली जाहिरात पुरेशी मानावी, आणि मराठी पुस्तकांसाठी ती देण्याचं, वारस शोधण्याचं, रक्कम सांभाळून ठेवण्याचं काम राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानं अंगावर घ्यावं. मंडळाकडे संकेतस्थळ आहे, पुस्तकं खुली करण्याचा सराव आहे. गटागटांवर रोज पीडीएफ पाठवणाऱ्या उत्साही वाचकांनी आपापल्या तालुक्यातल्या अशा पुस्तकांची नावं आणि वारसांचे ठावठिकाणे जमवून दिले, तर निम्मं काम तिथंच होईल.